न पाहिलेला साक्षीदार

आपल्याकडे खालच्या कोर्टाचा निकाल ऐकून समाधान पावणारा पक्षकार क्वचितच आढळतो. निकाल विरुद्ध गेला कीं, "हायकोर्टांत काय तें होईल," हे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतात. आणि शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये ही म्हण ज्यांना पाठ असते, तेसुद्धां एकदां पहिली पायरी चढल्यावर वरच्या पायऱ्या मोजूं लागतात. या बोलण्याच्या मुळाशीं एक समजूत असते. वरचें न्यायालय म्हणजे खालच्याच न्यायालयाची मोठी आवृत्ति; त्याची दृष्टि अधिक दूरची, त्याचा हात अधिक लांब, आणि म्हणून खालीं जें हुकलें तें तेथें सांपडलेंच पाहिजे, असा लोकांचा विश्वास असतो. दिवाणी दाव्यांची गोष्ट आपण बाजूस ठेवूं. परंतु फौजदारी खटल्यांच्या बाबतींत ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतूनही फारसा होत नाहीं. वरच्या न्यायालयाला काय करतां येतें हें वर्तमानपत्रांतून रोज समजतें. त्याला काय करतां येत नाहीं, आणि जें करतां येतें त्यांतलेंही तें पुष्कळदां कां करीत नाहीं, याविषयीं आम्ही चार शब्द लिहिणार आहों.

हा विषय आमच्या वाट्यास केवळ पुस्तकांतून आला नाहीं. आयुष्याचीं कांहीं वर्षें आम्हीं मराठी जबान्यांचें इंग्रजी भाषांतर करण्यांत घालविलीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं खुनाचा किंवा दरोड्याचा खटला चालतो; साक्षीदार आपल्या बोलींत बोलतो; त्याचें बोलणें कागदावर उतरतें; आणि अपील झालें म्हणजे त्या कागदांचें भाषांतर होऊन त्यांचें बांधलेलें पुस्तक वरच्या न्यायाधीशांपुढें जातें. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचें आयुष्य टांगलेलें असतें, त्या माणसाला ते न्यायाधीश बहुधा कधींच पाहत नाहींत. त्यांच्यापुढें उभा राहतो तो कागदावरचा, आमच्यासारख्याच्या इंग्रजींतून बोलणारा साक्षीदार.

एकच शब्द घ्या. "त्यानें माझ्या भावाला मारलें." मराठींत चापट मारणें हेंही मारणेंच आणि जिवें मारणें हेंही मारणेंच. साक्षीदाराच्या मनांत काठीचा एक फटका आहे कीं भावाचें प्रेत आहे, हें समोर बसलेल्या न्यायाधीशास त्याच्या हाताच्या हालचालीवरून, दाटून आलेल्या गळ्यावरून, मागच्यापुढच्या प्रश्नांवरून कळतें. इंग्रजींत या दोहोंस दोन निराळे शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांच्या मध्यें दंडविधानाचीं कितीतरी कलमें उभीं आहेत. असा शब्द आला म्हणजे आम्ही मूळ मराठी शब्दही कंसांत ठेवीत असूं. किंवा "दिवेलागणीची वेळ होती" हें वाक्य घ्या. आरोपीचा चेहरा ओळखूं येण्याइतका उजेड होता कीं नव्हता, या एका प्रश्नावर सगळा खटला उभा. आणि उत्तर काय, तर दिवेलागण! ज्येष्ठांतली दिवेलागण निराळी, मार्गशीर्षांतली निराळी. उघड्या माळावरची निराळी आणि दाट वस्तीच्या बोळांतली निराळी. "मी हाकेच्या अंतरावर होतों," असें दुसरा सांगतो. हाक कोणाची, वारा कोणत्या दिशेचा, मध्यें ओढा होता कीं टेंकाड, हें कागद सांगत नाहीं. आणि साक्षीदार जेथें उत्तर देण्यापूर्वीं क्षणभर आरोपीकडे पाहून खालीं मान घालतो, तेथें तर भाषांतर करण्यास कांहीं उरतच नाहीं. साक्षीदाराच्या वागणुकीविषयीं महत्त्वाचें वाटेल तें लिहून ठेवावें, असें १८९८ च्या संहितेनें खालच्या न्यायाधीशास सांगितलें होतें आणि १९७३ च्या संहितेनेंही सांगितलें. परंतु "साक्षीदार उत्तर देण्यास कचरला," एवढ्या एका ओळीहून अधिक शेरा आमच्या वाचनांत फार थोड्या वेळां आला. तो कचरला तो खोटेपणामुळें, भीतीमुळें, कीं मेलेल्या माणसाच्या आठवणीमुळें, हें ज्यानें पाहिलें त्यालाच ठाऊक.

वरच्या न्यायालयाच्या मर्यादांचा विचार येथून सुरू व्हावयास पाहिजे. अपील हा मनुष्याचा जन्मसिद्ध हक्क आहे असें आपण धरून चालतों. कायदा तसें धरीत नाहीं. अपील कायद्यानें दिलें तरच असतें, आणि जेवढें दिलें तेवढेंच असतें. १८९८ च्या फौजदारी संहितेंत हें स्पष्ट शब्दांत लिहिलेलें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही तें कायम आहे. ज्या इंग्लंडाकडून आपण कोर्टाची रीत घेतली, त्या देशांत ज्युरीनें दोषी ठरविलेल्या माणसाला वस्तुस्थितीच्या प्रश्नावर दाद मागण्यासाठीं खरें अपील-न्यायालयच १९०७ च्या कायद्यापर्यंत नव्हतें. आडॉल्फ बेक नांवाच्या गृहस्थास, दुसऱ्याच एका लुच्च्याचा तोंडवळा त्याच्याशीं मिळतो असें समजून, १८९६ सालीं आणि पुन्हां १९०४ सालीं दोषी ठरविण्यांत आलें. खरा गुन्हेगार सांपडला तेव्हां देशभर खळबळ उडाली आणि त्यानंतर तो कायदा झाला. बेकला ओळखणारे साक्षीदार समक्ष उभे राहून बोलले होते, आणि त्यांचें बोलणें ज्यांनीं समक्ष ऐकलें त्यांनींच त्याला दोषी ठरविलें, हें आम्ही विसरलों नाहीं. डोळ्यांनीं पाहणाराही फसतो. म्हणून तर अपील हवें. प्रश्न आहे तो इतकाच कीं, न पाहणाऱ्यानें पाहणाऱ्याची चूक किती धिटाईनें सुधारावी.

या प्रश्नाचें उत्तर आपल्या कायद्यानें दोन्ही बाजूंना सारखें दिलेलें नाहीं, आणि तेंच त्यांतलें मर्म आहे. शिक्षा झालेल्या आरोपीनें अपील केलें तर वरचें न्यायालय त्याला सोडूं शकतें, पुन्हां खटला चालविण्याचा हुकूम देऊं शकतें, गुन्ह्याचें कलम बदलूं शकतें, शिक्षा कमी करूं शकतें. परंतु त्याच अपिलांत त्याची शिक्षा वाढवूं शकत नाहीं. शिक्षा वाढवावयाची असेल तर तिला वाट निराळी, आणि त्या वाटेवरही आरोपीस आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिल्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. दाद मागण्यास गेलेला मनुष्य केवळ दाद मागितली म्हणून अधिक गर्तेंत जाऊं नये, हा त्यामागचा हेतु. अपिलाखेरीज दुसरा एक अधिकार आहे तो पुनर्निरीक्षणाचा, ज्याला वकील मंडळी रिव्हिजन म्हणतात. या अधिकारांत उच्च न्यायालय खालच्या कोर्टाचे कागद मागवून चूक दुरुस्त करूं शकतें. पण सुटलेल्या आरोपीस त्या अधिकारांत दोषी ठरवूं शकत नाहीं. दार एकाच बाजूस उघडतें.

लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत या दाराचा अनुभव दोन्ही तऱ्हांनीं आलेला आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत मुंबईच्या हायकोर्टांत ज्युरीपुढें त्यांची चौकशी झाली. सहा युरोपियन ज्युररांनीं त्यांस दोषी म्हटलें, तीन हिंदी ज्युररांनीं निर्दोष म्हटलें, आणि न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं दीड वर्षाची सक्तमजुरी सांगितली. अप्रीति या शब्दाचा त्यांनीं ज्युरीस समजावून दिलेला अर्थ सदोष होता, असें टिळकांच्या बाजूचें म्हणणें होतें. हायकोर्टानें स्वतःच्या मूळ शाखेंत चालविलेल्या अशा खटल्यावर त्या काळीं नेहमींसारखें अपील नव्हतें. विलायतेस प्रिव्ही कौन्सिलकडे परवानगी मागितली ती नाकारली गेली. कारण आपण फौजदारी अपिलांचें न्यायालय नव्हों आणि नैसर्गिक न्यायाचा उघड भंग होऊन घोर अन्याय झाल्याखेरीज आपण हात घालणार नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें १८८७ पासूनच ठरवून टाकलें होतें. याच्या उलट ताईमहाराज प्रकरण. त्यांत मॅजिस्ट्रेटनें टिळकांस खोट्या पुराव्याच्या आरोपावरून शिक्षा दिली, सेशन्स कोर्टानें ती कमी केली पण उठविली नाहीं. आणि १९०४ सालीं हायकोर्टानें तो सगळाच निकाल रद्द करून त्यांस निर्दोष सोडलें. सोडविण्यासाठीं वरचा हात किती लांब जाऊं शकतो तें यांत दिसतें, आणि तो कोठें अडतो तें पहिल्या खटल्यांत दिसतें.

आतां खऱ्या पेंचाकडे येऊं. आरोपी खालीं सुटला आणि सरकारनें त्याविरुद्ध अपील केलें, तर काय? १८६१ च्या संहितेंत असें अपील नव्हतेंच. तें १८७२ च्या संहितेनें प्रथम आणलें. मग हायकोर्टांमध्यें मतभेद माजले. कोणी म्हणे, सुटकेविरुद्ध हात घालावयाचा तर खालच्या न्यायाधीशाची चूक डोळ्यांत भरण्याजोगी पाहिजे. कोणी म्हणे, अपील तें अपील, त्यांत भेद कसला? १९३४ सालीं शिवस्वरूप याच्या अपिलांत प्रिव्ही कौन्सिलनें हा वाद मिटविला. लॉर्ड रसेल यांनीं दिलेल्या निर्णयाचा सारांश असा कीं, अधिकार पूर्ण आहे. वरच्या न्यायालयास सगळा पुरावा पुन्हां तपासून आपलें स्वतंत्र मत बनवितां येतें. परंतु तसें करतांना त्यानें चार गोष्टींस वजन दिलेंच पाहिजे: साक्षीदार किती विश्वासू आहेत याविषयीं खालच्या न्यायाधीशाचें मत, आरोपीच्या निर्दोषतेचें गृहीत, जें सुटकेमुळें कमी तर होत नाहींच, संशयाचा फायदा मिळण्याचा आरोपीचा हक्क, आणि ज्यानें साक्षीदार डोळ्यांनीं पाहिले त्याचा वस्तुस्थितीविषयींचा निष्कर्ष फिरविण्यास न पाहणाऱ्यानें वाटूं द्यावयाचा संकोच. २००७ सालीं चंद्रप्पा याच्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें हींच तत्त्वें पुन्हां मांडून सांगितलें कीं, पुराव्यावरून दोन समंजस निष्कर्ष निघत असतील तर खालीं झालेली सुटका मोडूं नये. शिवाय उच्च न्यायालयानें सुटका फिरवून फांशीची शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयाकडे हक्कानें जातां येईल, अशी तरतूद राज्यघटनेनेंच केली. १९७० च्या कायद्यानें ती सवलत जन्मठेपेस आणि दहा वर्षांच्या किंवा त्याहून अधिक शिक्षेसही लागू केली.

मर्यादा म्हणजे अधिकाराचा अभाव नव्हे, हें नानावटी खटल्यानें मुंबईकरांस दाखविलें. २७ एप्रिल १९५९ रोजीं झालेल्या गोळीबाराच्या त्या खटल्यांत नऊ ज्युररांपैकीं आठांनीं त्या नौदल अधिकाऱ्यास निर्दोष ठरविलें. सेशन्स न्यायाधीशानें हें मत मान्य करून त्यास सोडलें असतें, तर वस्तुस्थितीच्या प्रश्नावर सरकारचा मार्ग बंद होता. ज्युरीस कायदा चुकीचा समजावून दिला गेला किंवा तो तिला चुकीचा समजला, असें दाखविल्याखेरीज वरचें न्यायालय ज्युरीचें मत उलटवूं शकत नव्हतें. परंतु न्यायाधीशास तें मत समंजस माणसांचें वाटलें नाहीं, आणि त्यानें कायद्यांतल्या खास तरतुदीखालीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. मग सगळा पुरावा मोकळा झाला. ११ मार्च १९६० रोजीं हायकोर्टानें जन्मठेप सांगितली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. तरी गोष्ट संपली नाहीं. १९६४ सालीं राज्यपालांनीं क्षमा केली आणि आरोपी मोकळा झाला. म्हणजे न्यायाची सर्वांत वरची पायरीही घराचा शेवटचा मजला नव्हे. १९७३ ची संहिता आली तेव्हां तिच्यांत ज्युरीला जागा उरली नव्हती.

येथवर आम्हीं जें लिहिलें तें वाचून कोणासही वाटेल कीं, हें सर्व आरोपीच्या सोयीचें आहे. ज्याचें माणूस गेलें त्यानें काय करावें? हा प्रश्न आम्हांस एकदां समोरासमोर विचारला गेला आहे. ही गोष्ट २००९ च्या पूर्वींची. आमच्या गांवचे एक वृद्ध शेतकरी. सगळा गांव त्यांना आबा म्हणे. त्यांचा मुलगा बांधाच्या भांडणांत मारला गेला. आबांनीं स्वतः पाहिलें होतें. त्यांची साक्ष झाली, उलटतपासणी झाली, आणि आरोपी सुटले. सरकारनें अपील न करण्याचें ठरविलें. आमचा कोर्टाच्या कागदांशीं संबंध आहे एवढ्या माहितीवर म्हातारा बारा कोसांवरून आमच्या घरीं आला.

"वरच्या कोर्टाला सांगा, मी सोता येतो," ते म्हणाले. "उभा ऱ्हातो त्यांच्याम्होरं. मला एकदां बघा म्हणावं."

पुनर्निरीक्षणाचा अर्ज करतां येतो, पण त्यांत सुटकेची शिक्षा करतां येत नाहीं. फार झालें तर क्वचित् प्रसंगीं पुन्हां चौकशीचा हुकूम होतो. आणि तेथें त्यांस कोणी उभें करून विचारणार नाहीं, कागद वाचले जातील, असें आम्हीं त्यांस जितक्या सोप्या शब्दांत सांगतां आलें तितक्या सोप्या शब्दांत सांगितलें.

"म्हंजी मला न बघतांच मी खोटा?"

आबा, ज्यानें तुम्हांस पाहिलें त्यालाच तुमचें पटलें नाहीं, हें उत्तर आमच्या ओठांवर आलें होतें. तें खरेंही होतें. पण मुलाचें रक्त पाहिलेल्या माणसाला तें कसें सांगावें? आम्ही गप्प राहिलों. त्यांनीं चहा घेतला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि घरांतल्या मुलांची विचारपूस करून ते परत गेले.

तेव्हांपासून या मर्यादांचा विचार करतांना आबांचा प्रश्न आम्हांस बाजूस सारतां आलेला नाहीं. कायद्यालाही तो अखेर टाळतां आला नाहीं. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडितास, म्हणजे गुन्ह्यामुळें ज्याची हानि झाली त्यास किंवा त्याच्या वारसास, सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. सौम्य कलमाखालीं दोषी ठरविल्याबद्दल किंवा भरपाई अपुरी दिल्याबद्दलही त्याला दाद मागतां येते. नव्या संहितेनें हा हक्क तसाच ठेविला आहे. आज आबा असते तर सरकारच्या मर्जीवर त्यांना अवलंबून राहावें लागलें नसतें. हें योग्यच झालें, आणि फार उशिरां झालें. मात्र दार उघडलें तरी आंतलें माप बदललेलें नाहीं. पीडिताच्या अपिलांतही न्यायाधीशांपुढें कागदच असतात आणि सुटलेल्या आरोपीच्या निर्दोषतेचें गृहीतही तेथें तसेंच उभें असतें.

तें माप बदलावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आबांच्या जागीं दुसरा एक आबा कल्पून पाहावा. त्याचा मुलगा खून करणारा म्हणून पिंजऱ्यांत उभा राहिला. न्यायाधीशानें महिना-दोन महिने साक्षीदारांचीं तोंडें पाहिलीं, त्यांतला एक पढवून आणलेला आहे हें त्याच्या नजरेनें टिपलें, आणि मुलाला सोडलें. पुढें त्याच पढविलेल्या साक्षीदाराची जबानी भाषांतर होऊन वर गेली. कागदावर ती फार सुरेख दिसते. अशी जबानी कागदावर नेहमींच सुरेख दिसते, हें आम्ही अनुभवानें सांगतों; अडखळतो तो बहुधा खरें बोलणारा. जर वरच्या न्यायाधीशास केवळ आपलें मत निराळें पडलें म्हणून त्या मुलास तुरुंगांत पाठवितां आलें, तर दुसऱ्या आबानेंही येऊन हेंच म्हटलें असतें कीं, माझ्या मुलाला आणि त्या साक्षीदाराला एकदां बघा. दोघांही आबांचें गाऱ्हाणें एकच आहे. कायद्यानें त्यांतल्या दुसऱ्याला झुकतें माप दिलें, कारण पहिल्याची हानि न्यायालयानें केलेली नसते. दुसऱ्याची हानि न्यायालयानें स्वतःच्या हातानें केलेली असती.

याचा अर्थ वरच्या न्यायालयानें आळशी व्हावें असा मात्र नाहीं. खालच्या न्यायाधीशानें महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाहीं, वैद्याची साक्ष उलटी समजून घेतली, किंवा कोणताही समंजस मनुष्य काढणार नाहीं असा निष्कर्ष काढला, तर न पाहिल्याची सबब सांगणें हा दुसरा अन्याय होईल. तसल्या चुका कागदावरही दिसतात, आणि त्या दुरुस्त करण्यासाठींच पूर्ण अधिकार दिलेला आहे. फांशीच्या शिक्षेच्या बाबतींत तर कायदा वरच्या न्यायालयास संकोच करूंच देत नाहीं. आरोपीनें अपील केलें नाहीं तरी उच्च न्यायालयानें मंजुरी दिल्यावांचून ती शिक्षा अंमलांत येत नाहीं. त्या वेळीं सगळा पुरावा नव्यानें तपासावा लागतो, आणि जरूर तर आणखी पुरावाही घेववितां येतो. जी चूक मागाहून सुधारतां येणार नाहीं तिच्यापाशीं आल्यावर वरच्या न्यायालयाची दृष्टि मोकळी केलेली आहे आणि हात आंवरलेला आहे.

नव्या संहितेनें साक्षी दृक्श्राव्य साधनांनीं घेण्यास मोकळीक दिली आहे. पुढें केव्हां तरी वरच्या न्यायाधीशांस साक्षीदाराचा चेहरा सर्रास पाहतां येईल, मारलें म्हणतांना त्याचा हात कसा हालला तेंही दिसेल, आणि आमच्यासारख्या भाषांतरकारांचें महत्त्व उतरेल. त्याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु यंत्र जिकडे वळविलें असेल तिकडचेंच दाखवितें. प्रश्न विचारण्याची, थांबविण्याची, "पुन्हां सांग" म्हणण्याची सोय चित्रांत नसते. तेव्हां संकोच थोडा कमी होईल. तो अजिबात जाऊं नये.

मुंबईच्या हायकोर्टांत ज्या दालनामध्यें १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच्या बाहेर १९५६ सालीं संगमरवरी शिला बसविण्यांत आली. ज्युरीच्या निर्णयानंतर ते जें बोलले, तें तीवर कोरलेलें आहे. मानवी न्यायालयांच्याही वर एक सत्ता आहे, असा त्यांतला आशय. त्या वाटेनें जाणारे पक्षकार ती शिला वाचीत असतात, आणि वरच्या मजल्यावर आपल्याला ती सत्ता भेटेल अशी कित्येकांची आशा असते. ती तेथें भेटत नाहीं. तेथें भेटतात ते कागद वाचणारे मनुष्य. आणि आपण साक्षीदार पाहिलेला नाहीं ही गोष्ट ते निकाल लिहितांना ध्यानांत ठेवीत असतील, तर पक्षकारानें त्यांच्याकडून याहून अधिक मागूं नये.